देठाचं वजन

हेल्वे पान तोडते आणि तिथंच त्याचे दोन भाग करते.
पातं एका पाकिटात, देठ दुसऱ्या.
आकडे पेन्सिलीने, शाई दवात फुटते.
एकतीस उन्हाळे ती या मनोऱ्यावर चढते आहे,
गुडघा सत्तराव्या पायरीला बोलतो,
लिंडेनचे शेंडे संपून अ‍ॅस्पेन सुरू होतो तिथे.
एस्टोनियातल्या या जंगलात जूनची रात्र म्हणजे
उजेडाने घेतलेली डुलकी.
डास मात्र झोपत नाहीत.

वरची पानं लहान. जाड. कानाजवळ मोडलं
तर कट्ट आवाज येतो.
कडा आत वळवून ती तिरकी उभी राहतात,
दुपार अंगावरून ओघळू देतात,
सगळी पीत नाहीत.
मला द्रोण आठवले.
हेल्वेला द्रोण कुठून माहीत असणार,
तिने नुसती ओंजळ करून दाखवली.

आणि तळाशी, पाचव्या मीटरला,
पंजाहून मोठी पानं,
इतकी पातळ की मागे धरलेलं बोट दिसावं.
पंगतीतल्या पत्रावळींसारखी आडवी,
पण एकीवर दुसरी नाही:
देठ वळतो, लांबतो,
शेजारणीच्या कडेने वाट काढतो
जिथे दिवसातून वीस मिनिटं
एक कवडसा येऊन बसतो.
“पसरायचं म्हणजे वासे लागतात,” हेल्वे म्हणाली,
मधल्या शिरेवर नख फिरवत.
त्या पानाच्या शंभर भागांतले एकवीस
नुसते तोलून धरण्यात गेले होते.
मी लिहून घेतलं. एकवीस.

ऑगस्टात वादळ झालं.
आमचा थोरला अ‍ॅस्पेन मुळांसकट आडवा,
आभाळाला घराएवढं भोक.
मला वाटलं, बरं झालं,
आता खालच्यांची चंगळ.
आठवड्याने गेलो तर ती पांढुरकी,
मग तपकिरी, मग चुरा,
ज्यासाठी आयुष्यभर मान वळवली
त्यानेच भाजलेली.
“सावलीत उघडलेलं पान सावलीचंच,” ती म्हणाली.
“त्याला आता जाड होता येत नाही.
पुढच्या वर्षीचंही थोडंसंच होईल,
कळीला अजून जुनाच उजेड ठाऊक असतो.
तिसऱ्या वर्षी बघ.”

डब्यात राईचा काळा पाव, काकडी, बडीशेपेचा पाला.
मनोऱ्याच्या मधल्या फळीवर पाय सोडून बसलो होतो.
तिने न विचारताच सांगितलं:
आई, साल्मे, सायबेरियातून परतली
तेव्हा मी पोटातही नव्हते.
घरात एकटी असली तरी कुजबुजायची.
मग अठ्ठ्याऐंशीचा तो उन्हाळा,
सगळा गाव मैदानात गायला गेला,
उघड्या आवाजात, रात्रभर,
आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला.
आणि तू?
“मी फाटकापर्यंत गेले.
चालीवर ओठ हलवत उभी राहिले.”
पावाचा चुरा तिने फळीवरून खाली झटकला.
“त्रीन नऊ वर्षांची. ती पार पुढे होती,
कोणाच्या तरी खांद्यावर बसून,
घसा बसेपर्यंत.”
कोणाच्या?
“कोण जाणे. त्याचं वजन कोणी केलं नाही.”

तिसऱ्या वर्षी मी एकटाच चढलो,
हेल्वे खाली खुर्चीत, मांडीवर वही.
भोकाच्या काठावरची लिंडेनची पानं
किंचित लहान, किंचित तिरकी.
मोडून कानाजवळ धरलं.
अगदी कट्ट नाही,
पण काहीतरी बोललं.
मी वरून ओरडून आकडा सांगितला.
ती म्हणाली, “ऐकू आलं नाही, मोठ्याने!”
मग स्वतःच हसली,
आणि देठ?
देठ किती?